दोन रजयांचा रायबोसोम

एम.एस्सी.ला असताना जयपूरच्या कॉलेजात मी रायबोसोमचा अर्धा भाग झाले होते. लहान अर्धा. मोठा अर्धा माझी मैत्रीण; ती मराठी घरातली, पण जयपूरलाच वाढलेली, त्यामुळे मराठी अडखळत बोलायची.

विज्ञान प्रदर्शनासाठी हे नाटक आमच्या नागपूरच्या मॅडमनी बसवलं होतं. रायबोसोम म्हणजे पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र. त्याचे दोन भाग संदेशाची पट्टी मध्ये धरून वाचत जातात आणि प्रथिनाची माळ ओवतात. पट्टीवर ‘थांबा’ आलं की सुटका करणारे रेणू येऊन माळ आणि दोन्ही भाग सोडवतात. ते भाग पेशी पुन्हा वापरते.

आम्ही रजया गुंडाळून एकमेकींना नाड्यांनी बांधलेल्या. पट्टी म्हणजे सांगानेरहून आणलेलं लांबलचक कापड, माळ झेंडूची. पट्टीचं टोक खिडकीबाहेर लोंबत होतं. निम्मी वाचून झाली आणि बाहेरच्या माकडानं ते टोक ओढलं. टर्रकन कापड फाटलं. ‘थांबा’ माकडाबरोबर गेलं.

“मतलब, आता काय करायचं?” मोठ्या रजईतून आवाज आला.

“गाठ सोड ना!”

“माझा हात पोचत नाही. तू सोड!”

माझेही हात रजईत अडकलेले. सुटका करणारी मुलगी पडद्याआड उभी होती, तिला मी मानेनं खुणावलं. ती वर्गातली सर्वात अभ्यासू. “स्टॉप आया ही नहीं,” ती कुजबुजली, “मैं कैसे आऊँ?”

पुढच्या रांगेतून प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, “मॅडम, अब ये दोनों क्या करेंगी?”

“पुस्तक में अभी जवाब नहीं है, सर,” मॅडम म्हणाल्या. मग बेडूक कापायची कात्री घेऊन स्टेजवर आल्या आणि नाड्या कापताना आम्हाला हळूच म्हणाल्या, “पेशीत कुणीतरी येतच असेल गं. नाहीतर आपण सगळे केव्हाच अडकून पडलो असतो.”

नाड्यांबरोबर माझी रजईही कापली गेली. स्टेजभर कापूस उडाला आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारच्या खेळाला ज्युनियर मुलींचाही एक रायबोसोम होता. मॅडमनी मला त्यांच्या मोठ्या भागाशी बांधलं आणि मैत्रिणीला त्यांच्या लहान भागाशी. पेशीतही सुटल्यावर जोडी तीच राहत नाही, म्हणे. माझी नवी जोडीदार रजईत घोरत होती. पलीकडून मैत्रीण ओरडली, “ए, मला तूच पाहिजे!”