दोन चुलींचं एक सार

घरात दोन चुली झाल्या तेव्हा पितळी हंडे वाटले गेले, शिवणयंत्रं वाटली गेली, देवघरातले टाकसुद्धा वाटले गेले. वाटलं गेलं नाही ते फक्त सार.

म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं, त्याच्या आसपासची ही वाटणी. म्हैसुरातलं जुनं शिंप्याचं घर, विठ्ठलाचं माळकरी. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड आणि भांडणात दोन्ही. थोरल्या विठ्ठलरावाला तयार कपड्यांचं दुकान घालायचं होतं. धाकटा रंगनाथ माप घेऊन शिवायचं सोडायला तयार नव्हता. शब्दाला शब्द वाढला आणि एका घराची दोन घरं झाली. मधे भिंत आली, परस तेवढं एक राहिलं.

त्यांची आई लक्ष्मीदेवी रडली नाही की ओरडली नाही. दोन्ही सुनांना समोर बसवून म्हणाली, "चुली दोन करा. पण सार एकाच चुलीवर होईल, आणि दोन्ही घरांत भाताचा पहिला घास त्याच साराचा. आणि हे बघा, सार गेलेलं भांडं भरलेलं परत यायचं नाही. सार परत फिरलं की घर तुटलं असं मी समजेन."

थोरली सून अंबूताई लगेच म्हणाली, "मग सार सोयराच करू दे. माझं सार म्हणजे मीठ घातलेलं गरम पाणी."

असं ते धाकट्या सोयराबाईच्या पदरात पडलं, आणि तिनंही ते काम पूजेसारखं केलं. सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की चुलीवर साराचं पातेलं. उकळी फुटली की आधी थोरल्या घरचं पितळी भांडं भरायचं, मग आपलं. सासू गेली, थोरले दीर गेले, तरी त्यात खंड नाही. एकादशीला तेवढी पातेल्याला सुट्टी.

सार म्हणजे रोज एकच असं नव्हे बरं का. चैत्रात कैरी उकडून तिचा गर बन्नूरच्या गुळात कालवून केलेलं, जिभेवर आंबट आणि घशात गोड. वैशाखात ऊन डोक्यावर आलं की ताकाचं, वर नुसत्या मेथीची फोडणी. आषाढापासून म्हैसुरात जी बारीक झड लागते, वाळत घातलेलं लुगडं दोन-दोन दिवस ओलं राहतं, तेव्हा मिऱ्याजिऱ्याचं. चातुर्मासात लसूण नाही, म्हणून मिरं थोडं जास्त. थंडीत हुणसूरकडून अवऱ्याच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा बाजारात यायच्या. दंव पडलं की त्या शेंगांना एक तेलकट वास धरतो, तो हाताला दिवसभर राहतो. त्या दाण्यांचं सार असलं की रंगनाथ यंत्रावरून हाक मारायचा, "आज माझ्या भातात भात कमी घाल." आणि थंडी फारच बोचायला लागली की हुलग्याचं, दाट, काळसर, अंगात ऊब आणणारं.

हे कुणी तिला पुस्तकातून शिकवलं नव्हतं. सासूनं थोडं सांगितलं, बाकीचं बाजारानं आणि हवेनं.

पुढं अंबूताईच्या प्राणेशचं लग्न झालं. तो बँकेत होता. सून वनजा बंगळूरची. समाजातलीच, पण मराठी तिला जेमतेम यायची. सासूला ती अत्ते म्हणायची, आणि सोयराबाईला काकी न म्हणता कन्नडमध्ये चिक्कम्मा. मुलगी वाईट नव्हती. चटपटीत होती, घर लख्ख ठेवायची. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी अंबूताईनं तिला साराची रीत समजावली होती, भांडं भरलेलं परत जायचं नाही हेही सांगितलं होतं. वनजा ऐकून घेऊन म्हणाली होती, "आयतु अत्ते, कळलं. तुमच्याकडे साराला पण सासर-माहेर आहे." त्यावर सगळ्याच हसल्या होत्या.

त्या वर्षी श्रावणात अंबूताईला ताप भरला आणि उतरेचना. डॉक्टर विषमज्वर म्हणाले. सोयराबाई धावत गेली, तर वनजानं मागच्या दारातच थांबवलं. "चिक्कम्मा, डॉक्टर माणसांची ये-जा नको म्हणालेत. अशक्तपणा फार आहे."

"बरं," सोयराबाई म्हणाली. "पण सार जाऊ दे पोटात. काय म्हणतेय तिची जीभ, घेते का?"

"घेतात की."

मग रोज तसंच. सोयराबाईनं मागच्या दाराशी भांडं द्यायचं, विचारायचं, "अक्कानं घेतलं का?" वनजानं म्हणायचं, "घेतलं." दुपारी भांडं धुऊन-पुसून परत. सोयराबाई सार ओतताना विठ्ठलाचं नाव घ्यायची. म्हणायची, बाबा, एवढं तिच्या अंगी लागू दे.

एका शनिवारी नैवेद्याला पान हवं म्हणून ती विळा घेऊन परसातल्या केळीकडं गेली. झड चालूच होती. केळीच्या बुंध्याशी खाली वाकली, तर नाकाला ओळखीचा वास आला. आधी तिला वाटलं, आपल्याच पदराला लागला असेल. मग दिसलं. चिखलात मोहरी, कढीलिंब, मिऱ्याची भरड. वाफ अजून निघत होती.

घटकाभरापूर्वी तिनं स्वतःच्या हातानं दिलेलं सार होतं ते. आणि त्याच्या खाली कालचं. आणि परवाचंही असावं, कारण कढीलिंबाची पानं काळी पडून मातीत मुरली होती.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते सोयराबाईला तेव्हा कळलं. अन्न टाकलं याचा राग होताच. अन्न म्हणजे देव, हे त्या घरात पोरासोरांनाही ठाऊक. पण त्याहून राग आला तो त्या "घेतलं" या शब्दाचा. तोंडाकडं बघून, रोज.

तिनं पान कापलं नाही. विळा भिंतीशी ठेवला आणि थोरल्या घरात सरळ आत गेली.

अंबूताई उशीला टेकून बसली होती. पार चिपाड झालेली. पुढ्यात स्टीलच्या पेल्यात काहीतरी नारिंगी, दाट, वर साय धरलेलं. दुकानात नवीन आलेल्या पाकिटातली पूड गरम पाण्यात ढवळून केलेलं सूप. अर्ध्याहून जास्त तसंच राहिलं होतं. सोयराबाईला बघून अंबूताईनं तोंड भिंतीकडं वळवलं.

"आता आलीस होय," ती म्हणाली.

"अक्का, मला येऊ..."

"असू दे गं. मी कुठं काय म्हणते? सार करणं जड झालं असेल तर एकदा येऊन सांगायचंस. सासूबाईंच्या शब्दात मी तुला बांधून ठेवलं नसतं. पण मी आजारी पडले, नेमकं तेव्हाच बंद केलंस, ते मनाला लागलं."

म्हणजे इकडं केळीला सार पाजलं जात होतं, आणि तिकडं अंथरुणावर पडलेल्या जावेला वाटत होतं की सोयरानं शब्द मोडला. इतक्या वर्षांचा शब्द. आणि दोघींच्या मधे एक भिंत तेवढी.

मागून भांड्याचा आवाज झाला. वनजा दारात उभी होती, हातात तेच पितळी भांडं, धुतलेलं, पाणी ठिबकत असलेलं.

"वनजा, सांग त्यांना," सोयराबाई म्हणाली.

"चिक्कम्मा, नंतर बोलूया की. त्यांना त्रास होईल, अल्वा?"

"त्रास होऊन गेलाय. मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांग."

वनजाचं तोंड उतरलं. भांडं पोटाशी धरून ती खाली बघत बोलायला लागली. "पहिल्या दिवशी मिऱ्यानं अत्तेंच्या पोटात आग पडली. डॉक्टर रागावले. तिखट, मसाला सगळं बंद म्हणाले. सार परत पाठवायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलं. घरात ठेवलं तर वास येतो, अत्ते मागणार. मग मी काय करू? केळीला घातलं."

"आणि मी रोज विचारायची तेव्हा सोयरानं पाठवलं नाही असं मला कोण सांगत होतं?" अंबूताई म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"एकदा बोलून गेले अत्ते. मग रोज तेच बोलावं लागलं."

"रोज दोनदा खोटं," सोयराबाई म्हणाली. "एकदा तिला, एकदा मला. अगं, मागच्या दारात उभी असायचे मी. काकी, मिरं सोसत नाही, एवढं तोंडानं म्हणायला काय झालं होतं? मला राग आला असता असं वाटलं? मी काय मिऱ्याची शपथ घेतलीय? मुगाचं कढण केलं असतं, नुसत्या जिऱ्याचं पाणी केलं असतं. पावसाळ्यासाठी वेगळं करता येतं, तर तापासाठी येत नाही?"

इतक्यात शनिवारची अर्ध्या दिवसाची बँक आटपून प्राणेश आला. छत्री झटकत त्यानं दारातूनच अंदाज घेतला. समजूतदार मुलगा, म्हणून तर जास्त राग यावा असा.

"होगली बिडी चिक्कम्मा," तो म्हणाला, "सोडून द्या. वनजाचं चुकलं. पण एका साराचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? हवं तर मी तिला माफी मागायला सांगतो."

सोयराबाई त्याच्याकडं वळली. "एका साराचं नाही रे. तुझी आई मला खोटी समजून पडली होती. आज मी पान कापायला गेले म्हणून कळलं. गेले नसते, आणि देव न करो, हिचं काही बरंवाईट झालं असतं, तर ती तसंच समजून गेली असती. मग वनजानं माफी कुणाची मागायची होती? केळीची?"

प्राणेश छत्री मिटत राहिला. मिटली होती, तरी मिटत राहिला.

"आणि तुलाही विचारते. तूही याच घरात जेवतोस. तुझ्या भातावर सार येत नव्हतं ते तुला दिसलं नाही?"

"ही म्हणाली, तुमची तब्येत बरी नाही म्हणून बंद आहे," तो हळूच म्हणाला.

"मग भिंतीपलीकडे येऊन काकी, कशी आहेस, असं विचारायला पाय नव्हते तुला?"

वनजाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सोयराबाईला ते दिसलं, पण त्या वेळी तिला तिची दया आली नाही. खोटं कशाला सांगायचं? नाही आली.

अंबूताईनं पाय खाली सोडले. "सोयरा, हात दे."

"कुठं अत्ते?" वनजा पुढं आली.

"तिच्या घरी. मला भूक लागलीय."

"आई, अगं पाऊस आहे, अंगात त्राण नाही," प्राणेश म्हणाला. "आणि लोक काय म्हणतील? आजारी आईला धाकट्या घरात पाठवलं म्हणतील."

"म्हणोत. सार प्यायला गेली म्हणून सांग."

मग प्राणेशलाच तिला धरावं लागलं. एका बाजूनं तो, एका बाजूनं सोयराबाई, आणि मागून वनजा छत्री धरून. परसातून जाताना केळीजवळ अंबूताई थांबली, खाली बघितलं, आणि पुढं चालायला लागली.

सोयराबाईनं मुगाचं कढण चढवलं. डाळ मऊ शिजवून घोटली, गाळली. मीठ, चिमूटभर हळद, तुपात जिरं. बस. रंगनाथ हातातली शिवण टाकून आला आणि वहिनीला भिंतीशी पाट टेकवून बसवलं. त्याला काय झालंय ते अजून कळलं नव्हतं, आणि बायकोचं तोंड बघून विचारायची त्याची छातीही झाली नाही.

अंबूताईनं वाटी दोन्ही हातांत धरली. अर्धी वाटी प्यायली, थांबली, पुन्हा प्यायली. मग तिथंच चटईवर झोपली. आता ती इथंच राहणार हे कुणी ठरवलं नाही, पण सगळ्यांना समजलं.

संध्याकाळी प्राणेश विचारायला आला तेव्हा सोयराबाई देवापुढं दिवा लावत होती. तिनं हात जोडले, वळली आणि म्हणाली, "हिंडाफिरायला लागली की येईल तिच्या घरी. पण एक ऐकून ठेव. उद्यापासून भांडं या घराबाहेर जायचं नाही. सार इथंच होईल. ज्याला हवं त्यानं इथं येऊन पाटावर बसून प्यायचं. नको असेल त्यानं माझ्या तोंडावर नको म्हणायचं. सासूबाईंनी सार एक ठेवायला सांगितलं होतं, ते मी ठेवीन. चोरून ओतायची सोय नाही ठेवणार."

"वनजा नाही यायची," प्राणेश म्हणाला. "तुम्हाला घाबरते ती."

"आधी घाबरायला हवं होतं. आता यायला हवं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला दोघं आली. वनजा अंग चोरून पाटाच्या कडेला बसली. सोयराबाईनं भात वाढला, वर कढण घातलं, तिलाही सगळ्यांएवढंच, पण तिच्याकडं बघितलं नाही. राग तसाच होता. रात्री विठ्ठलापुढंही तिनं तो लपवला नव्हता. तुझ्यानं काढवला तर काढ, एवढंच म्हणाली होती.

वनजानं पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि चाचरत म्हणाली, "चिक्कम्मा, याला काही तिखटच नाहीये."

"नाहीच. अक्कासाठी केलंय. तुला हवं असेल तर तिथं ताटलीत मिरची आहे. उचलून घे, आणि उरली तर सांग."

अंबूताईला ताप आल्यापासून पहिल्यांदा हसू आलं, आणि हसता हसता खोकला. पाणी द्यायला दोघी एकदमच उठल्या. सोयराबाई पुन्हा खाली बसली. वनजानं दिलं.