सिस्टर विचारपूस करायला येतात

फौंड्रीच्या टाइम ऑफिसात उभी नोकरी कारकुनीत गेली. निवृत्तीच्या दिवशी फायली तिथंच ठेवून आलो. किस्से मात्र मागोमाग घरी आले. त्यातले हे अशोक कांबळेचे.

अशोक गडमुडशिंगीचा, आमच्याकडं मोल्डर. साचा निसटून त्याचा उजवा हात चेंगरला. हात किती निकामी झाला, त्यावर भरपाई ठरणार होती. डॉक्टरांचा ‘फिट’ असा शेरा पडला, की भरपाई गेली आणि गडी पुन्हा भट्टीपुढं. विमा कंपनीनं विचारपूस करायला एक सिस्टर नेमली. बोलायला गोड. "कंपनीला काळजी आहे," म्हणाली. कुणाची, ते म्हणाली नाही.

*

पहिल्याच भेटीत तिनं विचारलं, "दुखतंय का?"

अशोक तालमीतला. परक्या बाईसमोर दुखतंय म्हणणार?

"ह्यॅ, एवढ्यानं काय हुतंय!"

सिस्टरनं लिहिलं : वेदना नाहीत.

*

दुसऱ्या भेटीला अशोक घरात एकटाच होता. डाव्या हातानं चहा केला, ट्रे तोलत बाहेर आणला. सिस्टरनं चहातल्या आल्याचं कौतुक केलं आणि लिहिलं : स्वयंपाकघरातली कामं करतो.

मी त्याला झापलं, "तिला पाणी तरी कशाला विचारलंस?"

"आण्णा, दारात आलेल्या पावण्याला तसंच लावून द्यायचं व्हय?"

विमा कंपनीच्या फॉर्मात पाहुणचाराचा रकाना नसतो, हे त्याला कोण सांगणार?

*

मग सिस्टरनं मॅनेजरला अशोकसाठी हलकं काम सुचवलं. गेटवर बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचं रजिस्टर लिहायचं. फक्त लिहायचं!

"डाव्या हाताची सवय होईल की," ती म्हणाली.

मी विचारलं, "सिस्टर, तुम्ही रिपोर्ट कुठल्या हातानं लिहिता?"

त्यानंतर ती माझ्याशी जरा कमी गोड बोलायला लागली.

*

तपासणीच्या दिवशी आमच्या आधीच सिस्टर डॉक्टरांच्या केबिनच्या दारात हजर. "मी आत बसते. डॉक्टरांना नीट समजावते."

"हात ह्याचा, तपासणी ह्याची," मी म्हणालो. "आत कोण बसणार, ते ह्यानं सांगायचं."

अशोक लगेच विरघळला. "बसू द्या की आण्णा. बाईमाणूस बाहेर कशाला?"

त्याची बायको सुनंदा पुढं झाली. "भाईर पंखा हाय, बाकडं हाय. बसा निवांत."

सिस्टर बसली.

*

आत डॉक्टरांनी विचारलं, "रोजची कामं जमतात?"

"सगळं माझं मी करतोय, सायेब."

मी कपाळाला हात लावला. सुनंदा भिंतीकडं बघत राहिली. डॉक्टरांनी पेन उचललं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, म्हणाले, "खांदाही बघू एकदा. शर्ट काढा."

अशोक सवयीनं सुनंदाकडं वळला आणि हनुवटी वर करून उभा राहिला. तिनं वरचं बटण काढायला घेतलं. डॉक्टरांनी तिसऱ्या बटणापर्यंत बघितलं, आणि मग लिहायला लागले.