बिनशिवणीचा अंगरखा

"हात खाली सोडू नका हो, लच्छी गुंतते," माझी बायको इंदू म्हणाली. मी दोन्ही हात पुढे धरून बसलो होतो. हातांवर सुती दोऱ्याची लच्छी, आणि ती समोर बसून त्याचा गोळा करत होती. माझे हात भरून आले. म्हटलं, "मी शिंपी आहे, खुंटी नाही." ती म्हणाली, "खुंटी बोलत तरी नाही." अर्धी लच्छी झाली. मग तिनं चहा केला, आम्ही प्यायलो, आणि "जरा पडते" म्हणून ती आत गेली. ती उठलीच नाही.

काम इथल्या चर्चच्या फादरांचं होतं. फादर मूळचे वसईचे. या हिंदी मुलखात मराठी ऐकायला ब्रह्मा घाटावर माझ्या दुकानात येऊन बसायचे. गुड फ्रायडेला, म्हणजे येशूला क्रुसावर खिळलं त्या दिवशी, चर्चच्या आवारात नाटक करतात. त्याचे कपडे माझ्याकडे आले. रोमी शिपायांचे लाल झगे. परुशी म्हणजे तिथले कर्मठ धर्मपंडित, त्यांना झालरीचे घोळदार अंगरखे. कर्मठ लोक मी जन्मभर बघितलेत, त्यांच्या मापाला अडलो नाही.

शेवटी फादर म्हणाले, "काका, येशूच्या अंगरख्याला शिवण चालणार नाही."

"शिवण नको तर शिंप्याकडे कशाला आलात?"

ते हसले, मग सांगितलं. शिपायांनी येशूचे कपडे वाटून घेतले. पण अंगरखा वरपासून सबंध विणलेला होता. फाडला तर कुणाच्याच कामाचा नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, आणि ज्याची निघाली त्यानं अख्खा नेला. शिवण असली तर शिपाई उसवून वाटून घेतील, मग चिठ्ठ्या कशाला?

मी हात वर केले. आतून इंदू म्हणाली, "मी विणते. मोज्यासारखा गोल गोल. सांधा येणारच नाही." तिनं गळ्यापासून सुरुवात केली. मी विचारलं, वरून का? म्हणाली, "वरून विणलं की मधेच अंगाला लावून बघता येतं."

ती गेली तेव्हा अंगरखा गुडघ्यापर्यंत आला होता. मणिकर्णिकेच्या स्मशानघाटावरून परत आलो तर तो खाटेवर, सुईवर तसाच. टाक्यांना आम्ही इथं फंदेच म्हणतो. खालचे सगळे फंदे उघडे. सुई ओढली तर सगळं उसवणार. मी कुणाला हात लावू दिला नाही.

तेरावं झाल्यावर फादर आले, बरोबर त्यांच्या चर्चमधल्या नन, सिस्टर लूसी. मग फादर म्हणाले, "काका, नाटकाचं सोडा. आम्ही बाजारातून काही आणू."

"तिनं शब्द दिलाय."

"मग खाली कापड जोडा. लांबून कुणाला दिसतंय?"

"मला दिसेल."

सिस्टर रांचीच्या. त्यांना मराठी येत नाही, विणकाम येतं. "बाबूजी, बाकी मैं बुन दूँ?"

"नहीं."

आवाज चढलाच माझा. तिच्या कामात दुसरीचा हात मला नको होता. सिस्टरनी वाईट वाटून घेतलं नाही.

मग मी फादरांना विचारलं, "तुमच्या पुस्तकात लांबी लिहिलीय का?"

"नाही. शिवण नव्हती, एवढंच."

"मग एवढाच राहू दे."

"आमचा येशू बँकेत कॅशियर आहे, काका. चांगला उंच आहे. गुडघे दिसतील."

"दिसू देत. सुताराघरचा म्हणता ना? सुतार घोट्यापर्यंत घालून रंधा मारतो का?"

फादरांनी ते सिस्टरना हिंदीत सांगितलं. सिस्टरनी मला फंदे बंद करायला शिकवलं. दोन विणायचे, पहिला दुसऱ्यावरून ओढून सोडायचा, असं शेवटपर्यंत. शिलाई मशीनवर हयात गेली, पण त्या दिवशी एकेक फंदा मोजून ओढला. शेवटचा फंदा राहिला तेव्हा उठून पाणी प्यायलो. मग तोही ओढला.

नाटकात शिपाई झालेल्या रिक्षावाल्यानं अंगरखा दोन्ही हातांनी वर धरला. ताणून बघितला, उलटा करून शिवण शोधली. सापडली नाही. पुढे बसलेल्या बायका येशूसाठी रडत होत्या. मी कुणासाठी रडत होतो ते शेजारच्याला कळलं नसेल.

संपल्यावर फादर अंगरखा परत द्यायला आले. म्हटलं, "ठेवा. दरवर्षी लागेल. पुढच्या वेळी कॅशियर बुटका बघा."

धंद्यातलं एक सांगतो. खालून विणायला घेतला असता तर मागे नुसता घेर राहिला असता, ना गळा ना बाह्या. वरून घेतला म्हणून जिथं थांबला तिथं तो अंगरखाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकान उघडायच्या आधी, ती उरलेली अर्धी लच्छी काढली. स्टूल उलटं ठेवलं, त्याच्या दोन पायांवर लच्छी चढवली आणि गोळा पुरा केला. स्टूल हात खाली सोडत नाही. बोलतही नाही.