ब्रेकमास्तरांचा पाय

ब्रेकमास्तर आणि त्यांच्या पत्नी यांच्याशी माझी ओळख प्रौढांच्या साक्षरता वर्गामुळे झाली. वर्गाला स्वतःची जागा नव्हती. मोटार शिकवण्याच्या शाळेची खोली संध्याकाळी रिकामी असे. ती शाळा मास्तरांची आणि खोलीचे कुलूप काढून देण्याचे काम त्यांच्या पत्नीचे. भिंतींवर रस्त्यावरील खुणांचे तक्ते टांगलेले होते. त्यामुळे या ओळी लिहिणारीला बाराखडी पुरी होण्याआधीच पुढे वळण आहे, पुढे शाळा आहे आणि पुढे रस्ता बंद आहे, हे वाचता येऊ लागले. कुलूप काढणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठी माणसेसुद्धा. वर्ग सुटल्यावर बाके सरळ लावताना काकूंनी जे थोडे थोडे सांगितले, ते जोडून ही हकीकत लिहिली आहे. लिहिण्यास मास्तरांची परवानगी आहे. त्यांनी ती वाचून पाहिली आणि दहापैकी पाच गुण दिले.

पाच गुण म्हणजे मास्तरांच्या हिशेबात कौतुकच होते. त्यांनी उभ्या आयुष्यात कोणालाही सहाच्या वर गुण दिलेले नाहीत. शिकाऊ माणसाने गाडी कितीही सुरेख चालवली तरी उतरताना ते म्हणत, "सहा. फुशारून जाऊ नका." काकूंनाही लग्नानंतर त्यांनीच गाडी शिकवली आणि चार गुण दिले. पुढे सरकारी परीक्षकाने काकूंना पहिल्याच खेपेस उत्तीर्ण केले, तेव्हा मास्तर म्हणाले, "त्याला घरी जायची घाई असेल." तेव्हापासून काकूंचा परवाना कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली, सुरक्षित होता.

मोटार शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायापाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की शिक्षकाने तो दाबायचा. मास्तरांचा उजवा पाय या कामात इतका मुरला होता की तो गाडीबाहेरही स्वस्थ बसत नसे. लग्नाच्या मांडवात कोणी भरभर चालत आला की खुर्चीत बसलेल्या मास्तरांचा पाय जमिनीवर दाबला जाई. दाताच्या डॉक्टरांनी यंत्र तोंडाजवळ आणले तेव्हाही तो दाबला गेला आणि त्याच्या धक्क्याने डॉक्टरांचे चाकांचे स्टूल घरंगळत भिंतीला लागले. ब्रेकमास्तर हे नाव त्यांना कोणी पाठीमागे ठेवले नव्हते, तोंडावर ठेवले होते, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

तो पाय एके दिवशी थांबला.

एक शिकाऊ कारकून सकाळच्या तासाला गाडी घेऊन वळला आणि थेट पदपथावर चढला. समोर वर्तमानपत्रांचे दुकान होते.

"सर! ब्रेक!" कारकून ओरडला.

"तुमच्याकडेही आहे," मास्तर म्हणाले, आणि खिडकीतून बाहेर बघत राहिले.

गाडी मासिकांच्या मांडणीला टेकून थांबली. दुकानदार धावत आला, कारकुनाच्या तोंडचे पाणी पळाले. मास्तरांनी मात्र गुणसुद्धा दिले नाहीत. घरी आल्यावर ते पलंगावर पडले आणि त्यानंतर उठायचे कशासाठी हे त्यांना कळेनासे झाले. दुःखाचे काही कारण घडले असते तर काकूंना ते समजावून घेता आले असते. पण कारण विचारले की मास्तर छताकडे बघत म्हणत, "कारण नाही गं. तेच तर." शाळेच्या दारावर बंदची पाटी लागली.

औषधे झाली. एका गोळीने त्यांना दिवसभर गुंगी येई, दुसरीने तोंड कोरडे पडे. त्यांची थोरली बहीण रोज फोन करी. तिचे यजमान तिच्या हातून फोन घेऊन सांगत, "मन खंबीर कर रे. मी बघ, निवृत्त झालो तरी रोज दाढी करतो." फोन ठेवल्यावर मास्तर काकूंना म्हणत, "त्यांना सांग, दाढीबद्दल अभिनंदन." त्या काळात त्यांनी केलेला हा एवढाच विनोद. काकूंनी तो पुष्कळ दिवस जपला.

याच नणंदबाईंनी एके दिवशी वर्तमानपत्राचे कात्रण पाठवले. नैराश्यावर नवे औषध निघाले आहे, ते नाकात फवारतात आणि काही तासांत माणूस उठून बसतो, असे त्यात छापले होते. काकू कात्रण पर्समध्ये घालून मास्तरांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

तेथील डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि बोलण्याने स्पष्ट होत्या. त्यांनी कात्रण वाचले आणि परत दिले. "औषध खरं आहे. काहींना फार लवकर आराम पडतो. किती दिवस टिकेल, हे मात्र मला आज सांगता येणार नाही. टिकवण्यासाठी गोळ्याही हव्यात आणि शेजारच्या लहान खोलीत बोलण्याच्या बैठकाही."

"बोलण्याच्या?" मास्तर प्रथमच मान वर करून म्हणाले. "मी आयुष्यभर बोलतोच आहे."

"काय बोलता?"

"क्लच, गिअर, आरसा."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि त्यांनी तो विषय तूर्त बाजूला ठेवला. मग नियम सांगितला. फवारा घेतल्यावर इथेच आमच्या नजरेखाली बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी झोपून उठेपर्यंत कोणतेही वाहन चालवायचे नाही. घरी नेण्यास कोणीतरी सोबत हवे.

"शेजारी बसून ब्रेक दाबला तर ते चालवणं धरतात का?" मास्तरांनी विचारले.

डॉक्टरीणबाईंना असा प्रश्न पूर्वी कोणी केला नसावा. त्यांनी थोडा विचार केला. "धरतात. तोही दाबायचा नाही."

भाड्याच्या गाडीने जावे, असे काकूंनी सुचवले. मास्तर म्हणाले, "मोटारशाळेचा मालक भाड्याच्या गाडीतून उतरला तर उद्या शिकायला कोण येईल?" शाळा बंद होती, पण अब्रू चालू होती. तेव्हा कपाटातून परवाना निघाला, आणि 'शिकाऊ' असा लाल फलक असलेल्या गाडीत काकू चालकाच्या जागी बसल्या.

पहिल्या फवाऱ्यानंतर मास्तरांना भिंतीवरचे घड्याळ फार लांब गेल्यासारखे वाटले आणि स्वतःचे हात दुसऱ्या कोणाचे तरी आहेत असे वाटले. ते घाबरले नाहीत. नर्सला एवढेच म्हणाले, "हात ज्याचे आहेत त्याला परत द्या." परतीच्या वाटेवर ते नियम पाळण्यासाठी सीटवर मांडी घालून बसले. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. काकूंनी चौकात गाडी दोनदा बंद पाडली. शेजारून एक शब्दही आला नाही. लग्नानंतर इतक्या शांततेत त्यांनी कधीच गाडी चालवली नव्हती, आणि ती शांतता त्यांना मुळीच आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आपणहून उठले. चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "यात चहा घालायचा राहिला का?"

काकूंना आकाश ठेंगणे झाले. त्या आठवड्यात शाळा उघडली, कारकून परत आला, आणि मास्तरांच्या पायाने त्याला प्रत्येक चौकात हिसका दिला. "सर बरे झाले," असे तो मान चोळत सर्वांना सांगू लागला. नणंदबाईंनी कात्रणाचे श्रेय घेतले. त्यांच्या यजमानांनी फोन घेऊन विचारले, "केलंस ना मन खंबीर?"

आठवडा सरता सरता मास्तर पुन्हा पलंगावर होते.

दुसरा फवारा झाला, तिसरा झाला. प्रत्येक वेळी ते उठत आणि प्रत्येक वेळी खाली बसत. कधी आठवडा मिळे, कधी त्याहून कमी. दवाखान्यात दर खेपेस नर्स विचारी, "आज मन कसं आहे? दहापैकी किती?" मास्तर पलंगावरून उठवून आणलेले असोत की आदल्या दिवशी हसलेले असोत, उत्तर एकच, "चार." एकदा फारच बरे वाटत होते तेव्हा ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "साडेचार."

एके दिवशी डॉक्टरीणबाई काकूंना म्हणाल्या, "आकड्यांवरून फरक पडलेला दिसत नाही. औषध पुढे चालू ठेवावं की नाही, याचा विचार करायला हवा."

औषध टिकत नव्हते हे खरे, परंतु ते बंद झाले तर मधले चार दिवससुद्धा जाणार होते. काकू घाईने म्हणाल्या, "अहो, त्यांच्या चारवर जाऊ नका. लग्न झालं त्या वर्षी त्यांनी मला चार दिले, आणि अजून माझ्याबरोबर संसार करतायत!"

डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या. "मग तुम्ही कशावरून ओळखता?"

"पायावरून."

काकूंनी सगळे समजावून सांगितले. डॉक्टरीणबाईंनी ते ऐकून घेतले, औषध चालू ठेवले, आणि एक इशाराही दिला. "पाय बघा. पण फक्त पाय बघू नका."

या सूचनेचा पहिला अर्धा भाग काकूंनी मनापासून पाळला. जेवणाच्या टेबलावरचे लांब कापड काढून आखूड घातले, म्हणजे खालचा पाय दिसावा. दूरदर्शनवर मोटारींच्या शर्यती लावल्या. मास्तरांच्या समोरून त्या मुद्दाम भरभर चालत. पाय दाबला गेला की फोनवर नणंदेला कळवत, "ताई, आज छान आहेत." नाही दाबला की त्यांचा स्वयंपाक बिघडे. मास्तर विचारीत, "माझ्याशी बोलतेस की माझ्या चपलेशी?" काकू म्हणत, "जो उत्तर देईल त्याच्याशी."

मग तो दिवस आला. कारकून दुपारी शाळेच्या खोलीत येऊन तक्रार करू लागला. "काकू, सर आज रिकाम्या रस्त्यावरसुद्धा ब्रेक मारत होते. पुढे ना माणूस, ना मांजर. माझं कपाळ काचेला लागायचं बाकी राहिलं."

"खूप मारले?" काकूंनी विचारले.

"सारखे!"

कारकुनाला सहानुभूती हवी होती. काकूंनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिले आणि त्याचे मनापासून आभार मानले. इतका जोर पायात आजारानंतर कधीही आला नव्हता. त्या घरी गेल्या, नणंदेला फोन केला आणि गोडाचा बेत केला.

मास्तर उशिरा आले. ते हात धुवून टेबलाशी बसले आणि वाटीकडे बघत राहिले.

"खा ना. आज तुमचा मान आहे," काकू म्हणाल्या.

"कसला?"

"कारकून सांगून गेला. आज पाय अगदी पूर्वीसारखा."

मास्तरांनी वाटी बाजूला केली. "पूर्वीसारखा नाही," ते हळू म्हणाले. "आज रस्त्यात कोणीच नव्हतं. मला दिसत होतं की कोणी नाही. तरी प्रत्येक वळणावर कोणीतरी आडवं येणार आणि माझ्यामुळे मरणार, असंच वाटत होतं. पाय उचलायला धीर होईना. शेवटी त्या कारकुनाला म्हटलं, तूच ने बाबा, मी चालत येतो. तासभर एका भिंतीला टेकून उभा होतो."

काकूंनी तोंड उघडले ते हेच विचारायला, "मग आज किती?" आणि अर्ध्यावर गप्प झाल्या.

"बघ," मास्तर म्हणाले. "तू पाय बघतेस, ती नर्स आकडा विचारते, ताई फोनवर हालहवाल विचारते. सगळे परीक्षकच झालात. आणि माझं तरी काय, मलाच माझे गुण देता येत नाहीत. बरं असतं तेव्हाही चार, नसतं तेव्हाही चार. फवारा मला उठवतो गं. तो खोटा नाही. उठल्यावर मी कुठे आहे, हे मात्र तो सांगत नाही."

काकूंनी त्याच संध्याकाळी दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाईंनी शिकवण्याचे काम काही दिवस थांबवण्यास सांगितले आणि दुसऱ्या दिवशी बोलावले. औषधाचा काळ बदलला, गोळी बदलली. औषधाने हात टेकले असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि औषधाने सगळे होईल असेही म्हणाल्या नाहीत. ज्यांना कात्रणातील भाषेची सवय झाली आहे, त्यांना असे बोलणे मिळमिळीत वाटेल. काकूंना ते भरवशाचे वाटले.

आज मास्तर पूर्ण बरे आहेत काय, असे कोणी विचारल्यास प्रामाणिक उत्तर एवढेच आहे की शाळा पुष्कळ दिवस उघडी असते आणि काही दिवस बंद असते. उघडी असते तेव्हा बायकांना काकू शिकवतात आणि गुण सढळ हाताने देतात. फवारा अजून चालू आहे, पूर्वीपेक्षा लांबच्या अंतराने. त्याचा किती वाटा, गोळीचा किती आणि दवाखान्यातील बोलण्याच्या त्या लहान खोलीचा किती, हे डॉक्टरीणबाईंनाही वेगळे करून सांगता येत नाही. नणंदेचे यजमान सगळा वाटा आपलाच धरतात.

परंतु त्या संध्याकाळी यातले काहीच ठरलेले नव्हते. गोडाच्या दोन्ही वाट्या तशाच होत्या, आणि काकू फोन ठेवून परत येऊन शेजारी बसल्या होत्या. मास्तर टेबलाकडे बघतच म्हणाले, "उद्या त्या बोलायच्या खोलीत तूही आत ये. पहिलं वाक्य तू बोल."