मामीनं ऐकलेली घरं

माझ्या मामाला सगळे हवावाले म्हणत. उन्हाळ्यात घर गार आणि हिवाळ्यात उबदार ठेवणारी जी यंत्रं असतात, त्यांची देखभाल हा त्याचा व्यवसाय. वर्षातून दोन फेऱ्या असायच्या, एक उकाडा सुरू होण्याआधी आणि एक थंडी पडण्याआधी. साठेक घरं त्याच्या नेमाची होती. फिल्टर धुवायचे नाहीतर बदलायचे, गच्चीवरच्या युनिटमध्ये अडकलेली पानं आणि पिसं काढायची, पाणी बाहेर नेणाऱ्या नळीतला शेवाळाचा बोळा ओढून काढायचा, सैल झालेले स्क्रू आवळायचे. ही कामं कुणीही शिकतं, असं तो म्हणे. खरं काम त्यानंतरचं.

सगळं उरकलं की तो यंत्र सुरू करायचा, घराच्या मधोमध उभा राहायचा आणि डोळे मिटायचा. पंखा वर माळ्यावर असायचा. त्याची हवा छतामागच्या पत्र्याच्या बोगद्यांतून खोल्याखोल्यांत शिरायची आणि मामा मनानं तिच्या मागोमाग फिरून यायचा. पाच मिनिटं, कधी दहा. एका घरातल्या आजोबांना वाटलं, याला उभ्या उभ्या डुलकी लागली. त्यांनी हळूच त्याच्या मागे खुर्ची आणून ठेवली. मामा डोळे न उघडता म्हणाला, "मागच्या खोलीतली जाळी अर्धी झाकली गेलीय." झाकली गेली होती खरी. आजोबांनी आदल्याच दिवशी तिच्यापुढे कपाट सरकवलं होतं.

मी एकदा त्याला विचारलं, "तू ऐकतोस म्हणजे नेमकं काय करतोस?"

"हे यंत्र गारवाबिरवा काही तयार करत नाही," मामा म्हणाला. "उन्हाळ्यात घरातली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतं आणि हिवाळ्यात बाहेरची वेचून आत आणतं."

"हिवाळ्यात बाहेर कुठली आलीय उष्णता?"

"असते. गारठ्यातही असते, थोडी थोडी, विखुरलेली. हे आपलं वेचत बसतं. वेचून दमलं की तसं सांगतं. तेवढंच ऐकायचं."

बोलताना तो खिडकीबाहेर असा बघत होता, जणू समोरच्या भिंतीवर ती विखुरलेली ऊब त्याला दिसतच होती. मामा तसाच होता. अर्धा आपल्यात, अर्धा कुठेतरी बोगद्यांत.

तो छप्पन्न वर्षांचा झाला त्या वर्षी त्याला यंत्रं फार गुणी वाटायला लागली. "या वेळी कुणाची कुरकुर नाही," तो घरी येऊन मामीला सांगे. "सगळी कशी लोण्यासारखी चालतायत." मामीला आधी बरं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की दाराची घंटा वाजली तरी हा पेपरातून मान वर काढत नाही. ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून काही बोलली की नुसता "हो, हो" म्हणतो. एकदा तिनं मुद्दामच, आवाज न चढवता, विचारलं, "अहो, हे घर विकून टाकलं तर चालेल ना?"

"हो, हो," मामा म्हणाला. "तुला योग्य वाटेल तसं कर."

ही गोष्ट मामीनं मला पुढे खूप हसून सांगितली. त्या दिवशी ती हसली नव्हती. पण हा माणूस कानावर जगतो, त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली.

त्याच वर्षी थंडीच्या फेरीत तो बाईंकडे गेला. बाई म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापिका, दुमजली घरात एकट्या राहणाऱ्या. मामानं नेहमीची सगळी कामं केली आणि दिवाणखान्यात डोळे मिटून उभा राहिला. बाई म्हणाल्या, "हवावाले, वर कुणीतरी दात खातंय असं वाटतं का हो?" मामानं डोळे उघडले तेव्हा त्यांचे ओठ हलताना दिसले. त्यानं मान डोलावली आणि हसून म्हणाला, "एकदम छान चाललंय, बाई."

आठवड्याभरात कडाक्याची थंडी पडली आणि बाईंच्या माळ्यावरचा पंखा जाम होऊन बसला. त्यांचा निरोप मामीला मिळाला, तिनं तो मामाला सांगितला आणि तो पोहोचला तोवर बाईंनी दीड दिवस कोट घालून काढला होता. स्वयंपाकघरात, चहाच्या कपाभोवती दोन्ही हात धरून त्या बसल्या होत्या. नाक लाल झालं होतं. रागावल्या नाहीत.

"मी तुम्हाला विचारलं होतं," एवढंच म्हणाल्या. "तुम्ही हसलात."

मामानं माळ्यावर जाऊन पंख्याचं बेअरिंग काढलं. लहानसं पोलादी कडं, आत गोळ्या असलेलं. ते अडकत अडकत फिरत होतं. त्यानं ते कानाशी धरून बोटानं फिरवलं. काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या कानाशी धरलं. तिथेही तेच. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं ते जबड्याच्या हाडाला टेकवून फिरवलं, आणि हाडातून थेट डोक्यात खरखर शिरली, वाळूतून गाडी ओढत न्यावी तशी. त्या अंधाऱ्या माळ्यावर तो कितीतरी वेळ ते कडं जबड्याशी फिरवत बसला. गेल्या सहा महिन्यांत आपण किती घरांना हसलो, हे तो मोजत होता. खाली बाईंना वाटत होतं, दुरुस्ती चाललीय.

कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीस वर्षं यंत्रांना डोकं लावून बसल्यावर दुसरं काय होणार. वरच्या पट्टीतले आवाज गेले होते आणि ते परत येणार नव्हते. त्यांनी कानात घालायचं यंत्र दिलं. त्यानं माणसं छान ऐकू यायला लागली. पण पंखा सुरू केला की कानात नुसतं वादळ. त्यात बारीक काही सापडेना.

मामानं हत्यारांची पिशवी कपाटावर टाकली आणि खिडकीशी जाऊन बसला. चार दिवस मामीनं त्याला बसू दिलं. पाचव्या दिवशी स्टुलावर चढून तिनं पिशवी खाली काढली.

"उठा. या आठवड्यातली चार घरं राहिलीत."

"मी कुणाकडे जाणार नाही."

"मी येते बरोबर."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"यंत्रातलं काही नाही कळत. पण मला ऐकू येतं. काय ऐकू येतं ते मी सांगेन, त्याचा अर्थ तुम्ही लावा."

मामा तिच्याकडे बघत राहिला. तीस वर्षांत मामी त्याच्या एकाही कामाच्या घरी गेली नव्हती. तिचं शिवणाचं मशीन आणि ती, एवढाच तिचा संसाराबाहेरचा पसारा. शेवटी त्यानं चप्पल घातली. आधी बाईंकडे जाऊ, म्हणाला.

बाईंच्या घरात दोघं शेजारी शेजारी उभी राहिली. मामानं कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, उजवा कान तिच्याकडे केला आणि डोळे मिटले. मामीनंही मिटले.

"काय ऐकू येतंय?"

"सूं असं. लांबून."

"ती हवा. अजून?"

"टिक, टिक, टिक. अगदी बारीक. थांबत नाही."

मामाचा चेहरा उतरला. नवीन बेअरिंगही गेलं की काय? तो माळ्यावर चढला, पंख्याची पेटी उघडली, एकूण एक स्क्रू तपासला, पट्टा काढून परत चढवला. पाऊण तास गेला. घामाघूम होऊन खाली आला, तर मामीची टिकटिक अजून चालूच. तेवढ्यात बाई चहा घेऊन आल्या आणि मामी म्हणाली, "आता टिकटिक जवळ आली." बाईंच्या मनगटावर त्यांच्या वडिलांचं जुनं घड्याळ होतं.

बाई इतक्या हसल्या की ट्रे खाली ठेवावा लागला. मामा माळ्याच्या शिडीवरच बसला आणि तोही हसायला लागला. किती दिवसांनी हसले तुझे मामा, मामी मला सांगत होती.

तिथून पुढे दोघांची जोडी जमली. मामीचे शब्द तिचे तिचेच होते. "कुणीतरी चपला फरफटवत चाललंय," ती म्हणे, आणि मामाला कळे की पंख्याचं पातं एका बाजूला धुळीनं जड झालंय. "कापड टराटरा फाडायचं म्हणून धरलंय, पण फाडवत नाहीये," म्हणजे बोगद्याचा सांधा सुटलाय आणि पत्रा थरथरतोय. "बंद खोलीत कुणी गुळण्या करतंय" म्हणजे पाण्याची नळी तुंबलीय. "बाई शिट्टी मारायचा प्रयत्न करतेय पण ओठ कोरडे आहेत" म्हणजे फिल्टर भरलाय, हवेला वाट नाही. मामा ऐकत जाई, एक हात भिंतीवर सपाट टेकवून. तो म्हणे, पूर्वी मला आवाज ऐकू यायचे, आता दिसतात. शिडीवर चढताना त्याच्या डोळ्यांसमोर ती कोरड्या ओठांची बाई उभी असायची आणि तो तिला पाणी द्यायला निघाल्यासारखा चढायचा.

घराघरांतून लोक त्यांची वाट बघायला लागले. फेरीच्या दिवशी मुलं शाळेतून आली की पाय न वाजवता कोपऱ्यात बसायची. दुपारची उन्हं जमिनीवर पसरलेली, पडदे हवेनं हलताहेत, आणि मधोमध दोन म्हातारपणाकडे झुकलेली माणसं डोळे मिटून उभी आहेत, त्यातलं एक दुसऱ्याच्या कानाशी हळू आवाजात काहीतरी सांगतंय. एका घरातल्या सूनबाईंनी मला सांगितलं की ती दोघं गेल्यावरही तासभर कुणी मोठ्यानं बोलत नसे. आपल्याच घरात आपण पाहुणे आल्यासारखं वाटायचं, म्हणे.

असं सहा-सात वर्षं चाललं. एका उकाड्याच्या फेरीत दोघं एका डाकिणीकडे गेली होती. डाकीण म्हणजे घरोघर टपाल वाटणारी बाई. तिचं तिलाच हे नाव आवडायचं. पंखा सुरू झाला. मामी डोळे मिटून म्हणाली, "वाळूतून कुणीतरी गाडी ओढतंय."

 मामा म्हणाला, "अगं, बेअरिंग म्हणालीस तरी चालेल."

मामीनं डोळे उघडले.

"तुला कधीपासून कळतंय ते?" त्यानं विचारलं.

"तिसऱ्या वर्षापासून," मामी म्हणाली. "तुम्हाला मला कळतंय हे कधीपासून कळतंय?"

"चौथ्या."

डाकीण दारात उभी होती. या दोघांचं काय चाललंय ते तिला कळेना, पण आपण आत्ता काही विचारू नये एवढं कळलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बेअरिंग म्हणाली असतीस तर मला नुसतं बेअरिंगच दिसलं असतं." मामानं भिंतीवरचा हात काढला आणि तळवा पँटला पुसला. "आणि तू का नाही बोललीस?"

"मला सांगायला आवडतं," मामी म्हणाली. "शिवणाच्या मशीनवर बसून कुणाला काय सांगणार होते मी?"

मग मामा माळ्यावर चढला. बेअरिंग बदलून झालं, तरी पुढच्या घरी जाताना दोघं रस्ता चुकली. मामाच्या वीस वर्षांच्या पायाखालचा रस्ता. एका अनोळखी गल्लीत, भिंतीवरून खाली आलेल्या वेलीच्या सावलीत ती उभी राहिली, आणि दोघांनाही तिथून लगेच निघावंसं वाटलं नाही. त्या गल्लीत काय होतं, असं मी मामीला विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. "कुणाच्या तरी घरामागे एक युनिट चालू होतं. चांगलं चालू होतं."

मामाचे गुडघे गेले तेव्हा बाहेरची कामं मामीकडे आली. साठीत ती शिडीवर चढायला शिकली. साडीचा पदर अडकतो म्हणून तिनं स्वतःच स्वतःसाठी बारा खिशांचा एक अंगरखा शिवला, प्रत्येक पान्याला वेगळा खिसा. पहिल्यांदा तो घालून निघाली तेव्हा मामा म्हणाला, "चालताना खुळखुळतेस."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"नाही. पण खुळखुळत असणारच."

आता ती सकाळी तीन घरं करते आणि दुपारी घरी येते. गेल्या महिन्यात मी गेले होते, तेव्हा ती नुकतीच आली होती. हातपाय धुऊन मामाच्या शेजारी, त्याच्या उजव्या बाजूला बसली. एका बेकरीवाल्यानं नवीन घर घेतलंय, तिथून आली होती. यंत्र दुसऱ्या कुणीतरी बसवलेलं.

"दारातून आत गेलं की आधी काहीच नाही," मामी सांगायला लागली. "मग डावीकडच्या खोलीत जरासं. जसं मोठ्या हॉलमध्ये दूर कुणीतरी पुस्तकाची पानं उलटतंय. एक उलटलं की थांबतं. मग दुसरं."

मामानं डोळे मिटले होते. टेबलावर त्याचा हात सपाट पडला होता आणि बोटं किंचित हलत होती. मी पण नकळत डोळे मिटले. मला ती खोली दिसली. तिच्या भिंती कुठे संपतात ते कळत नव्हतं.

"आणि वाचणारा?" मामानं विचारलं.

"दिसला नाही. पण घाईत नाहीये."

 मग मी न राहवून विचारलं की यात बिघाड काय आहे. मामी उठली आणि अंगरख्याच्या खिशातून एकेक पाना काढून खिडकीत ठेवायला लागली. "छोटासाच आहे," ती म्हणाली. "एक झडप नीट बसत नाहीये. गुरुवारी जाऊन बसवून येईन."

"शुक्रवारी जा," मामा डोळे न उघडता म्हणाला. "अजून एक दिवस वाचू दे त्याला."