उंची नऊ, घेर चौदा

आमच्या मागच्या दाराला खाली आणखी एक दार आहे. ते मांजरीचं. नऊ इंच उंच आणि चौदा इंच रुंद. पहिल्यांदा बघणारा हसतो आणि विचारतो, "मांजर हाय का रेडकू?" ते असं का झालं हे मी एकदाच कुणाला धड सांगितलं, तेही गडहिंग्लजला, भरल्या लग्नघरात. तेच आता मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकांची मापं आहेत, मागं कुणी बघत नाही.

मी घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. एका वेळी एक बाई आली तर मला बोलता येतं. दोघी आल्या तर मी टेपकडे बघत राहते. चारचौघींत बसायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, तो लहानपणापासूनचा. चौथीपर्यंतची शाळा आमच्या खेड्यातच होती, एक खोली आणि सगळी ओळखीची पोरं. पाचवीला मुरगूडला जायचं होतं. पहिल्या दिवशी माझं पोट दुखलं, दुसऱ्या दिवशीही दुखलं, आणि पुढं कुणी फारसा आग्रह धरला नाही.

लग्न होऊन कोल्हापुरात आल्यावर पोटदुखी चालेना. मग मुलगा लहान होता, ते कारण पुष्कळ वर्षं पुरलं. तो मोठा होऊन पुण्याला नोकरीला गेला आणि माझ्याकडं सांगायला काही उरलं नाही. तेवढ्यात ही मांजरी आली. गल्लीत बांधकाम चाललं होतं, तिथल्या वाळूच्या ढिगावरून उठली आणि सरळ माझ्या मशीनखाली येऊन बसली, जशी काही ठरवूनच आली होती.

तिचं एक होतं. घरात असली की बाहेर जायचं, बाहेर असली की आत यायचं. दार उघडून धरलं की उंबऱ्यावर बसून विचार करायचा. दिवसातून वीस वेळा मी मशीनवरून उठायची. कुणी बारशाला बोलावलं, वास्तुशांतीला बोलावलं, की मी म्हणायची, "यायचं होतं हो, पण मांजर आहे ना घरात. तिला दार कोण उघडणार?" लोकांना ते खरं वाटायचं. मलाही अर्धं खरं वाटायचं. नवरा एकटाच जेवून यायचा आणि माझ्यासाठी रुमालात लाडू बांधून आणायचा.

माझी धाकटी बहीण गडहिंग्लजला दिली आहे. तिच्या मुलीचं लग्न यंदा चैत्रात ठरलं. बहिणीचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात मशीनवर होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. नवरा शेजारीच भाकरी खात बसला होता.

"अक्का, हळदीच्या आदल्या दिवशी यायचं. पूजा होईपर्यंत चार दिवस ऱ्हायचं."

मी म्हटलं, "बघते गं. ते मांजर..."

मग ती म्हणाली, "माझ्या घरभरणीला मांजर. पोरीच्या साखरपुड्याला मांजर. आता लग्नाला बी मांजर? ते मेल्यावर येणार हाईस व्हय गं?"

आणि फोन ठेवला.

माझी बहीण रोज चार वाजता फोन करते. भाजी काय केली, जाऊ काय बोलली, सगळं सांगते. मी नुसतं हं हं करते. त्यानंतर तीन दिवस चार वाजले आणि फोन वाजला नाही. ती रुसली तर रुसते, भांडते, रडतेसुद्धा. पण गप्प कधी बसली नव्हती. मला दुसरी बहीण नाही.

चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "दार उघडायचाच प्रश्न हाय न्हवं? मग दारालाच भोक पाडू."

"चांगलं सागवानी दार आहे हो."

"सागवान काय रडणार हाय? उद्या सुतार येईल. तू मांजरीचं माप काढून ठेव. मापातलं तुला कळतंय."

मांजरीला मशीनच्या फळीवर उभं केलं आणि टेप लावली. गिऱ्हाईक म्हणून ती चांगली निघाली, श्वास रोखून पोट आत ओढलं नाही. जमिनीपासून पाठीपर्यंत नऊ भरले. छातीला चौदा. ब्लाऊजचं माप मी जसं लिहिते तसंच चिठ्ठीवर लिहिलं, आधी उंची, मग छाती. ९ – १४. छाती म्हणजे सगळा घेर, अंगाभोवती टेप फिरवून. शिवणाऱ्या बाईला हे कुणी सांगावं लागत नाही. सुताराला सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सुतार आला तेव्हा नवरा कारखान्यात होता. सुतार आडदांड, आवाज गल्लीभर जाणारा. मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेले.

"वैनी," तो मागून ओरडला, "नऊ आणि चौदा. नक्की न्हवं?"

मी आतून म्हटलं, "हं."

"चौदा बरं का!"

"हं."

"बरं बाबा. ज्याचं त्याचं मांजर."

करवत सुरू झाली. मी चहा ठेवला, गाळला, कप घेऊन बाहेर आले आणि तिथंच थांबले. दाराच्या खालच्या अंगाला हे एवढं आडवं भोक. त्यातून मला परसातला नळ दिसला, बादली दिसली आणि पाणी न्यायला आलेल्या शेजारच्या काकूंचे दोन्ही पाय दिसले, जोडव्यांसकट.

सुतार खुशीत होता. "भारी झालंय की न्हाय?"

मी मान हलवली. दुसरं काय करणार? त्यानं प्लायवूडची फळी वरून बिजागऱ्यांवर लटकवली, चहा प्यायला आणि गेला.

संध्याकाळी नवरा आला. तो लेथवर काम करतो. त्याच्याकडं एक सूत इकडंतिकडं झालं तर माल परत येतो. दारासमोर उकिडवा बसला. टेप लावली. पुन्हा लावली.

"चौदा?"

"घेर आहे तो," मी हळूच म्हटलं.

"अगं, घेर चौदा म्हंजे रुंदी पाच! लई झालं तर सहा! दाराला ब्लाऊज शिवालतीस व्हय?"

मला वाटलं आता चिडणार. पण त्याचे खांदे हलायला लागले आणि तो हसत हसत तसाच फरशीवर बसला. सुताराला फोन लावला. सुताराचा आवाज फोनमधून मला चुलीपाशीही ऐकू आला. "दादा, दोनदा इचारलं की मी! वैनी हं म्हणाल्या. मला वाटलं, पुढंमागं कुत्रं बी आणायचं असंल!"

दाराची खालची फळी बदलून भोक लहान करायचं तर दार काढून न्यायला लागणार होतं, आणि सुताराला पाडव्यापर्यंत सवड नव्हती. "ऱ्हाऊ दे तसंच," नवरा म्हणाला. "एक म्हस आणू. म्हशीचं न्हाय, तरी रेडकाचं तोंड बाहेर ईल."

मोठी गंमत पुढंच होती. मांजरी त्या दारातून जाईना. चौदा इंची फळी जड झाली होती. सकाळी तिनं एकदा डोकं लावलं, फळी हलली आणि परत ठाप् करून बसली. मांजरी मशीनखाली पळाली ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही. नंतर फळीसमोर बसून माझ्याकडं बघत ओरडायला लागली. मी उठून मोठं दार उघडलं. दुसऱ्या दिवशीही उघडलं. खरं लिहायचं तर आनंदानं उघडलं.

जेवताना नवऱ्यानं विचारलं, "मांजरी जाईना व्हय?"

"नाही हो. घाबरते."

"मांजरी घाबरती का तू?"

त्यानं वर बघितलं नाही, भाकरीचा तुकडा आमटीत बुडवत होता. मी त्याला आणखी आमटी वाढली. वाटी भरून सांडली तरी वाढतच होते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता फोन वाजला. मी एवढ्या घाईनं उठले की मांडीवरची साडी खाली पडली. पण बहीण नव्हती, तिची मुलगी होती, नवरी.

"मावशे, तू येणार न्हाईस असं आई म्हणती. खरं हाय?"

"अगं, बघते..."

"बघू नको, ये. पाची ब्लाऊज तू शिवलीस. भर मांडवात कुठलं उसवलं तर सुई घेऊन कोण बसंल?" मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "आणि ऐक. आई रोज चार वाजले की फोन हातात घेती, बघत बसती आणि परत ठेवती. तूच कर की तिला एकदा."

फोन ठेवला आणि मला बसवेना. इतकी वर्षं फोन तिनं करायचा आणि मी हं म्हणायचं, असंच चाललं होतं. मी करायचा असतो, हे मला सुचलंच नव्हतं.

आधी दाराचं बघू म्हटलं. पेचकस घेऊन ती प्लायवूडची फळी काढली. मांजरी जिच्यावर झोपते ती जुन्या लुगड्यांची वाकळ घेतली आणि धुतली नाही, मुद्दाम. तिचे दोन तुकडे कापले, सात-सात इंचांचे, शिवणाला आणि दुमडायला थोडं जास्त सोडून. नवऱ्याच्या पँटच्या खिशात धुताना नेहमी वायसर, म्हणजे बोल्टाखालच्या लोखंडी चकत्या, सापडतात, ते मी एका डब्यात साठवले आहेत. खालची पट्टी दुमडून त्यात चार-चार वायसर घातले आणि शिवून टाकलं, म्हणजे वाऱ्यानं उडायला नको. वर लाकडाची पट्टी ठोकून दोन्ही तुकडे शेजारी शेजारी सोडले.

मांजरी आली. वाकळ हुंगली. वास तिचाच होता. डोकं घातलं, मग पाठ, मग शेपूट. गेली. मी सुई तोंडात धरून बघत होते. वाकळ हलली आणि ती आत आली. परत बाहेर. परत आत. सात-आठ वेळा तिनं तेच केलं, एकदाही माझ्याकडं बघितलं नाही.

ती मोकळी झाली आणि मी सापडले.

मग तोंडातली सुई काढून मी बहिणीला फोन लावला. तिनं पहिल्याच घंटीला उचलला.

"येतेय मी," मी म्हटलं.

"आणि मांजर?"

"तिला दार केलंय."

तिनं नाक ओढलं. मग म्हणाली, "ये. सुई घेऊन ये."

एकच अडचण राहिली होती, आम्ही दोघं गेल्यावर चार दिवस मांजरीला खायला कोण घालणार. मी किल्ली घेऊन शेजारच्या काकूंकडं गेले. त्यांनी किल्ली घेतलीच नाही. "किल्ली कशाला? परसातनं ताट आत सरकवीन की. जेवायचं ताट जातंय त्यातनं, एवढं केलंय तुम्ही." आणि खरंच करून दाखवलं. दूधभाताचं ताट वाकळ सारून आरामात आत गेलं. नवरा मागं उभा होता. "बघितलंस?" तो म्हणाला. "माप बरोबरच होतं."

एसटीत माझं पोट दुखलं. कागल गेलं तरी दुखत होतं. पण एसटीतून उतरून परत जावं एवढं नाही.

लग्नघरात पहिला दिवस मी सुईदोरा घेऊन कोपऱ्यात काढला. उसवलेलं काही नव्हतं तरी हुका घट्ट करत बसले. दुसऱ्या दिवशी हळद दळायला पंधरावीस बायका जात्याभोवती जमल्या. गाणी झाली, आणि मध्येच बहीण मोठ्यानं म्हणाली, "अक्का, तुझ्या मांजराच्या दाराचं सांग की ह्यास्नी."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. मी हातातल्या दोऱ्याच्या रिळाकडं बघून म्हटलं, "मी माप लिहून दिलं. नऊ आणि चौदा." आणि दोरा गुंडाळायला लागले.

जात्याच्या पलीकडून एक म्हातारी म्हणाली, "चौदा घेर न्हवं गं?" तीही शिवणारी होती. मी मान हलवली. "आणि सुतारानं रुंदी धरली!" असं म्हणून ती हसायला लागली, तिला खोकलाच आला. बाकीच्या विचारायला लागल्या, काय झालं, काय झालं. मग सांगणं भागच होतं. काकूंची जोडवी सांगितली, सुताराचं कुत्रं सांगितलं, म्हस सांगितली. हसताना एकीनं हळद सांडली. मी रिळाकडं बघायचं कधी सोडलं ते मला आठवत नाही. लग्नात मुलाकडच्या बायकाही विचारत होत्या, "ते मांजराच्या दाराची मावशी कुठली?" आणि नवरी स्टेजवरून बोट दाखवत होती. तिचं ब्लाऊज कुठंही उसवलं नाही.

चार दिवसांनी घरी आलो. मला वाटलं होतं मांजरी धावत येईल. ती मशीनच्या फळीवर झोपली होती, एक कान हलवला, बस्स. आम्ही दिवा लावला तसा वाकळेच्या दुसऱ्या तुकड्याखालून एक पिवळा बोका बाहेर निघून गेला. दार दोघांना पुरेल एवढं होतंच.

दुसऱ्या दिवशी रिकामं ताट द्यायला गेले, तर काकूंनी तिथंच कुंकवाचा करंडा काढला. "बरं झालं आलासा. शुक्रवारी आमच्याकडं चैत्रातलं हळदीकुंकू हाय. डाळ, पन्हं, सगळं. पन्नासेक बायका येतील. यायचं."

पन्नास म्हटल्यावर सवयीनं माझं तोंड उघडलं. "आले असते हो, पण ते मांजर..."

तेवढ्यात भिंतीपलीकडं वायसर वाजले. आमच्या परसातून मांजरी निघाली, भिंतीवर चढली, काकूंच्या पायावरून शेपूट फिरवत त्यांच्या घरात गेली.

काकू तिच्याकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. "ती तर आली," त्या म्हणाल्या. "तुम्ही कवा येताय?"