उताणे मिस्त्री

जुनं लाकडी सामान माणसं उभ्यानं बघतात. मिस्त्री आडवे होऊन बघायचे. खांद्यावरचा पंचा जमिनीवर अंथरायचा, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि टेबल असो, बाक असो, पाळणा असो, त्याच्याखाली उताणं शिरायचं. बाहेर फक्त त्यांच्या भेगाळलेल्या टाचा दिसत. पेणच्या आमच्या रस्त्यावर सगळे त्यांना 'उताणे मिस्त्री' म्हणत, आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नसे.

"वरून पॉलिश असतं," ते म्हणायचे. "खालून कोण बघत नाय, म्हणून खालची बाजू खोटं बोलत नाय."

माझं हायवेला जुन्या फर्निचरचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक मुंबईचं, इथे बंगले बांधणारं. मिस्त्री रोह्याजवळच्या वरशाहून आठवड्यातून दोनदा सकाळच्या गाडीने येत. दुरुस्ती करत, पण त्यांचं खरं काम वेगळं होतं. वस्तू मुळात कशासाठी केली होती, हे ते सांगत. घरातली म्हातारी माणसं गेली की माळ्यावरची वस्तू उरते आणि तिचं काम कोणालाच आठवत नाही. मिस्त्री झीज वाचत. हात कुठे घासला, गुडघा कुठे टेकला, पाणी कुठून गळलं.

ते वाचलेलं सांगताना मात्र समोरच्याची गय करत नसत. एकदा एक निवृत्त मास्तर उतरत्या फळीचं बसकं मेज घेऊन आले. आजोबा कीर्तनकार, त्यांची पोथी ह्याच मेजावर असे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मिस्त्री खाली गेले, वर आले, पंचा झटकला.

"मास्तर, पोथी नंतर ठेवली असंल. आधी बरीच वर्षं ह्याच्यावर मासळी कापलीय."

"काय बोलताय!"

"सांध्यात मीठ हाय. चाटून बघा."

मास्तर मेज रिक्षात घालून परत घेऊन गेले. मी हसलो होतो. दुसऱ्याची फजिती होती तोवर मला मिस्त्री फार आवडायचे.

मग माझी पाळी आली. एक कपाट नवाबाच्या घरातलं म्हणून मी एका जोडप्याच्या गळ्यात घालत होतो. माझी बायको डबा घेऊन आली होती, तीही कौतुकाने ऐकत होती. मिस्त्रींनी कपाटाची पाठ भिंतीपासून ओढली आणि आत डोकं घातलं. आतूनच आवाज आला, "शेट, तुझा नवाब कंपनीत कामाला होता काय? पाठीला खोक्याची फळी हाय. 'ही बाजू वर' असं लिवलंय." जोडपं हसलं. बायको इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. गिऱ्हाईक गेल्यावर मिस्त्री मला म्हणाले, "खोटं बोल, पण पाठ तरी बदलून घे." ते शिकवत होते, हे मला आज कळतं. त्या दिवशी मी ठरवलं, ह्यांचं नाक एकदा चारचौघांत कापायचं.

संधी नागोठण्याहून आली. तिथलं एक घर रिकामं होत होतं, त्यातलं सामान टेम्पोने माझ्याकडे आलं. त्यात एक सागवानी खुर्ची होती, तशी मी कधी पाहिली नव्हती. पाठ उंच, बैठक अगदी लहान आणि तिला मधोमध गोल भोक. डोक्याच्या दोन्ही बाजूंना कानांसारख्या उभ्या फळ्या. समोर आडवी दांडी, ती खुर्चीच्या दोन्ही हातांना पाडलेल्या भोकांत वरखाली सरकवता येई. खाली पाय ठेवायला फळी.

मिस्त्रींनीच लावलेल्या सवयीने मी ती उलटी करून पाहिली. बैठकीच्या खाली पटाशीने मारलेले तीन तिरके टोचे होते. ही त्यांच्या घराण्याची खूण. त्यांचे वडील मारत तशी ते स्वतःही प्रत्येक कामाखाली मारत. ही खुर्ची फार जुनी, म्हणजे त्यांच्या वडिलांच्याच हातची होती. मला आनंद झाला. आपल्याच बापाचं काम ह्यांना ओळखता आलं नाही तर काय मजा येईल! खुर्ची कशाची, हे मला ठाऊक नव्हतं. एवढीच माझी सबब, आणि ती पुरत नाही.

मिस्त्री यायच्या दिवशी मी बंगल्याच्या सजावटीचं काम करणाऱ्या मुंबईच्या एका मॅडमना बोलावलं. शेजारचा चहावाला, समोरचा हार्डवेअरवाला, दोन दलाल, असे आम्ही जमलो. जो तो तर्क करत होता.

"न्हाव्याची असंल."

"कसली न्हाव्याची! संस्थानिकाचा संडास हाय हा."

मी चढून त्यात बसलो. कसाबसा मावलो. डोकं फळ्यांच्या मध्ये कलंडवलं, बोटं वाकडी केली, फाशी दिलेल्यासारखी जीभ बाहेर काढली आणि घशातून आवाज काढला. सगळे खिदळले. मिस्त्री दारात उभे होते.

"ओळखा मिस्त्री," मी जीभ बाहेर ठेवूनच म्हणालो. "मी कोण?"

ते आत आले. पंचा खांद्यावरच राहिला.

"आज उताणे नाय होणार काय?" चहावाल्याने विचारलं.

"उठ," ते मला म्हणाले.

मी उठलो. ते खुर्चीसमोर उभे राहिले आणि नेहमीच्याच कोरड्या आवाजात बोलू लागले. "ज्या पोराची मान धरत नाय, त्याची खुर्ची ही. ह्या फळ्या डोकं पडू नये म्हणून. डावी जास्त झिजलीय, डोकं डावीकडं जायचं. दांडीवर दातांचे वण हायत बघा. झटका आला की चावायची. भोक कशाला ते सांगायला नको." मग त्यांनी खुर्चीच्या हातावरच्या भोकांवरून अंगठा फिरवला. "पोर वाढली तशी दांडी वर सरकवली. तीन भोकं. चौथं पाडायची पाळी आली नाय."

मी तिथे थांबायला हवं होतं. पण ते जिंकले होते. मी खुर्ची उलटी केली.

"मिस्त्री, टोचे तर तुमच्या घरचे. मग पोरीचं नावही सांगून टाका."

त्यांनी टोच्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला सगळं आधीच ठाऊक होतं असं त्यांना वाटलं असणार.

"मंगल," ते म्हणाले. "माझी थोरली बहीण. ती गेल्यावर नागोठण्याला तसंच एक पोर होतं, त्यांना बाबांनी दिली."

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी खुर्चीवर हात ठेवला. "मला ही हवी. काय स्टोरी आहे! हे सगळं एका कार्डावर लिहून द्याल? मुलीच्या नावासकट?"

मिस्त्रींनी मला बाजूला घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "ही देऊ नको रे. मी घरी नेतो."

मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "आता कसं, मिस्त्री? मॅडमना हो म्हटलंय. आणि गिऱ्हाईक तर तुम्हीच पटवलंत!"

दलाल हसले. मिस्त्री स्टेशनकडे चालू लागले. ते गेल्यावर बसून मी कार्ड लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिलं.

ते पुन्हा आले नाहीत. पहिल्या महिन्यात मी म्हणालो, रुसलेत. तिसऱ्या महिन्यात कोणीतरी सांगितलं की ते अंथरुणाला खिळलेत. तेव्हा मी मॅडमच्या बंगल्यावर गेलो. हात जोडले, खरं ते सांगितलं. बाई भल्या निघाल्या. "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?" एवढंच विचारलं आणि खुर्ची देऊन टाकली. बैठकीवर कुंडी ठेवल्याचा गोल डाग पडला होता.

तशी डागाळलेली खुर्ची न्यायची मला लाज वाटली. चूक कबूल करायला जायचं तर वस्तू नीट करून न्यावी, हे माझ्या धंद्यातलं डोकं. मी आमच्या पॉलिशवाल्याला सांगितलं, जीव ओतून कर. त्याने घासून डाग काढला, खाचाखोचांत भेगा बुजवायची लांबी भरली, पॉलिशचे तीन हात मारले. खुर्ची आरशासारखी झाली. ती टेम्पोत घालून मी वरशाला गेलो.

मिस्त्री ओटीवर खाटेवर होते. अंग पार वाळलं होतं. सुनेने आणि मी खुर्ची त्यांच्याजवळ ठेवली. मी पाठ केलेलं बोलू लागलो, "मिस्त्री, माझं चुकलं..." त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि दातांचे वण शोधत दांडी चाचपली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग परत. मग डावी फळी.

"लांबी भरलीस?"

"सगळी भेगाडं बुजवून घेतली," मी म्हणालो. काय बोललो ते तोंडातून निघाल्यावर कळलं.

ते कितीतरी वेळ दांडीवर अंगठा फिरवत राहिले. शिवी दिली असती तर मी पाय धरले असते. टोमणा मारला असता तरी चाललं असतं. त्यांनी अंगठा काढला आणि सुनेला म्हणाले, "शेटना चहा दे गो. आणि ही टेम्पोत चढवायला हात लाव त्यांना."

"मिस्त्री, ही तुमची आहे. मंगलताईंची."

"नाय हो," ते शांतपणे म्हणाले. मला ते कधी अहोजाहो करत नसत. "मंगलची होती ती तुम्ही घासून काढलीत. ही कोणाची पण हाय. दुकानात ठेवा, चांगली झालीय."

चहा मी प्यायलो. तो न पिता उठायचं धैर्यही माझ्यात नव्हतं. पंधरवड्याने ते गेले.